पान तीनशे बारा

माप घेताना अण्णा गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत. "सांस छोडो, साब." गिऱ्हाइके बहुतेक येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावरची असत, म्हणून वाक्य हिंदीत. छातीभोवती टेप आली की त्यांतला प्रत्येक जण, मग तो विमान उडवणारा असो की भटारखान्यातला, छाती फुगवून उभा राही. अण्णा टेप धरून थांबत. कोण किती वेळ श्वास धरील याचा त्यांना अंदाज होता. शेवटी माणूस श्वास सोडी आणि अण्णा आकडा लिहून घेत. "फुगलेल्या छातीचं माप घेतलं तर युनिफॉर्म ढिला होतो," ते मला नंतर मराठीत सांगत. हे त्यांनी मला चार वर्षांत निदान पन्नास वेळा सांगितले असेल.

ही चार वर्षे मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाडेकरू होतो. नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते आणि एका वृत्तसंस्थेच्या बंगळूर कार्यालयात मला नोकरी लागली होती. खाली रस्त्याकडे दुकान, मागे अण्णांचे घर, बाजूने माझा जिना. अण्णांचे आडनाव मी इथे लिहीत नाही. आडनाव छापलेले पाहून या माणसाने पुरेसे सोसले आहे. सारे येलहंका त्यांना अण्णा आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणे. तेवढे पुरे आहे.

घराणे शिंप्याचे. किती पिढ्या बंगळुरात झाल्या, याची माहिती आजोबांपाशी थांबत होती. आजोबा म्हणत, आपण फौजेबरोबर आलो. कुठल्या फौजेबरोबर, कधी, हे त्यांनाही कुणी सांगितलेले नव्हते. घरात मराठी बोलली जाई, पण कित्येक पिढ्या कन्नडच्या शेजारात राहून ती वेगळ्याच चालीची झाली होती. "आजोबा सांगितले," "मी खाल्लो" असे ते बोलत. शाळा सगळ्यांच्या कन्नड. देवनागरी अण्णांना रेल्वेच्या पाट्यांपुरती येई. पंचेचाळिसाव्या वर्षी मराठी मंडळाच्या कपाटातून त्यांनी एक जाड ऐतिहासिक कादंबरी घरी आणली, आणि मराठी वाचायला ते त्या एका पुस्तकावर शिकले.

कादंबरी एका किल्ल्याच्या वेढ्याची होती. तीनशे माणसे चार महिने किल्ला लढवतात आणि एकेक करून मरतात, असा विषय. कादंबरीतला वेढा चार महिन्यांत संपला. अण्णांचा नऊ महिने चालला. रोज दुपारी जेवणानंतर ते कटिंगच्या टेबलावर पुस्तक उघडत, ओळीखाली शिंपीखडू धरत आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचत. दिवसाला दीड पान होई. खूण म्हणून ते निळ्या युनिफॉर्मच्या कापडाची पट्टी घालत. मी राहायला आलो तेव्हा पट्टी चाळिसाव्या पानावर होती.

अक्का शेजारी मशीनवर असत. कादंबरी त्याही ऐकत, पण त्यांचे लक्ष लढाईवर नसे.

"नायक रक्तानं न्हाऊन निघाला," अण्णा वाचत.

"परवा पण न्हाला होता की," अक्का म्हणत. "कोण धुतलं ते?"

"कोण धुतलं म्हणजे?"

"आज सकाळी पांढरा अंगरखा घालून देवळात गेला म्हणून तुम्हीच वाचलात. किल्ल्यात पाणी संपून आठ दिवस झाले."

अण्णा चिडत नसत. स्वतःच्या धंद्यापुरत्या त्यांच्याही तक्रारी होत्या. मुखपृष्ठावरच्या वीराच्या अंगरख्याला चित्रकाराने बटणे काढली होती. अण्णांनी ती खडूने खोडून तिथे बंद काढले होते. पण हे सगळे वरवरचे. किल्लेदार पहिल्यांदा जखमी झाला त्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडले नाही. तोफखान्याचा म्हातारा मेला तेव्हा अण्णा एका स्क्वाड्रन लीडरची पँट दोन इंच आखूड कापून बसले. दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरची टोके सरळ करणाऱ्या माणसाला रोज एक तास तीनशे जणांबरोबर तटावर उभे राहता येत होते. मला बातम्या लिहिण्याचा पगार मिळे, पण त्या कुणी असे अक्षर लावून वाचल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

सत्त्याऐंशीव्या पानावर अण्णांचे आडनाव आले.

मी तेव्हा जिन्यावर होतो. खालून वाचन थांबल्याचे कळले. मग अण्णा बाहेर आले, माझे मनगट धरून मला आत नेले आणि ओळीखाली खडू ठेवला. "तुम्ही वाचा. माझं चुकत असेल." मी वाचले. उत्तरेच्या बुरुजावर अमुक आडनावाचा एक शिपाई उभा होता. त्याच्या डोळ्यांत अंगार होता. दीड वाक्यच होते, पण आडनाव दुर्मीळ, आणि काना-मात्रेसकट तेच.

"आजोबा सांगितले ते खरं," अण्णा म्हणाले. "फौजेबरोबर."

"फौजेबरोबर आले म्हणजे तंबू शिवत आले असतील," अक्का म्हणाल्या.

"बुरुजावर उभा आहे की तो!"

"वर तंबू बांधायला चढला असेल."

अण्णांनी त्याच दिवशी मैसूरपाक वाटला. पुण्याला पत्र टाकून कादंबरीच्या बारा प्रती मागवल्या आणि त्या शहरभर, कॉटनपेटपासून बनशंकरीपर्यंत, नातेवाइकांना पोचवल्या. सत्त्याऐंशीव्या पानात प्रत्येकी एक निळी पट्टी होती. बारांपैकी दहा घरांत मराठी वाचणारे कुणी नव्हते. त्यांनी पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवले. पुढची सव्वातीनशे पाने अण्णांनी स्वतः अजून वाचलेली नव्हती, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

अण्णांच्या धाकट्या बहिणीचे यजमान बनशंकरीला राहत. सोलापुरात शिकलेले, सरकारी कारखान्यात हिशेबनीस, आणि घरचे जावई. अण्णा त्यांना भावजी म्हणत आणि त्यांच्यापुढे आवाज चढवत नसत. भावजींना चारशे पानांची कादंबरी दोन दिवस पुरली. त्यांनी ती वाचून संपवली, नात्यात सांगितली आणि अण्णांना काही कळू दिले नाही. महिन्याभराने नात्यात एक लग्न होते. पंगतीत ते अण्णांच्या समोर बसले.

"अण्णा, कुठवर आलात?"

"एकशे चाळीस."

"सावकाश होऊ द्या. तीनशे बाराला पळायचं आहे."

अण्णांना वाटले, ते वाचनाच्या वेगाबद्दल बोलत आहेत. ते हसले. मग पंगतीतले इतरही हसले, आणि त्यांचे हसणे थांबेना, तेव्हा अण्णांनी भात कालवायचा थांबवला. भावजींनी शांतपणे सांगितले. किल्ला पडायच्या आदल्या दिवशी एक माणूस पळून जातो. तीनशेंत एकच. "उत्तर बुरुजावरचा. डोळ्यांत अंगार असलेला," भावजी म्हणाले आणि वाढप्याकडे कोशिंबीर मागितली.

त्या लग्नानंतर अण्णांच्या घराला नात्यात पळालेल्यांचे घर असे नाव पडले. बस चुकली की कुणीतरी म्हणे, अण्णांना सोबत घ्यायला हवे होते.

माझी अपेक्षा होती की अण्णा घरी येऊन थेट तीनशे बारावे पान उघडतील. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकशे एकेचाळिसाव्या पानापासून पुढे वाचू लागले. मी विचारले, बघून तरी घ्यायचे. "मधलं वाचलं नाही तर तो पळाला कशाला ते कसं कळणार?" ते म्हणाले. चार महिने रोज दीड पान या गतीने ते त्या पानाकडे जात राहिले. या काळात उत्तर बुरुजावरचा शिपाई आणखी तीन वेळा आला. दोनदा त्याने शत्रूला रोखले आणि एकदा तो झोपला. तिन्ही वेळा अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली.

तीनशे बारावे पान एका मंगळवारी आले. मला साप्ताहिक सुटी होती. शिपाई बुरुजाच्या आडोशाला येतो. अंगातली रक्ताने भरलेली बाराबंदी काढून तटाखाली भिरकावतो, म्हणजे शत्रूला ओळख पटू नये. दोर लावतो, उतरतो आणि दक्षिणेकडे पळत सुटतो. पुढे त्याचे काय झाले ते इतिहासाला ठाऊक नाही. परिच्छेद संपला.

मशीन थांबले. "बाराबंदी टाकलं?" अक्का म्हणाल्या.

अण्णांनी पट्टी घातली आणि पुस्तक मिटले. उरलेली पाने त्यांनी मनात वाचली. दोनशे नव्व्याण्णव माणसे कशी मेली ते त्या घरात कुणी मोठ्याने ऐकले नाही.

तळावरचे एक वॉरंट ऑफिसर निवृत्तीला आले होते. दोन युद्धांत त्यांनी धावपट्टीवर काम केले होते. युनिफॉर्म सैल करून घ्यायला ते दर सहा महिन्यांनी येत. अण्णांनी एकदा त्यांची कंबर मोजता मोजता विचारले, लढाईत कुणाला पळताना पाहिलेत का?

"पाहिलं म्हणजे? मीच पळालो," ते हिंदीत म्हणाले. "भोंगा वाजला की खंदकाकडे पळायचा हुकूम असतो. जो पळत नाही त्याच्यावर कारवाई होते."

"मग परत?"

"परत येऊन टायर बदलायचं."

अण्णांनी मला वर येऊन हे सांगितले, पण त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. टायर बदलणारा माणूस कादंबरीत नव्हता.

मग पत्रे सुरू झाली. अण्णा सांगत, मी लिही. लेखक महाराष्ट्रात राहत. पहिल्या पत्रात अण्णांनी पळण्याचा पुरावा मागितला. उत्तरादाखल छापील आभाराचे कार्ड आले. दुसऱ्या पत्रात त्यांनी कळवले की आमच्या घराण्यात कुणी पळणारे नाही, आजोबा तर चालतही सावकाश. या पत्राला उत्तर आले नाही. पुढच्या दोन वर्षांत आम्ही आणखी पाच पत्रे लिहिली. शेवटच्याचे उत्तर लेखकाच्या अक्षरात होते: मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला बंगळूरला येतो आहे, समक्ष बोलू.

व्याख्यान रविवारी सकाळी होते. सभागृह भरले, शेजारच्या शाळेतून बाके आणावी लागली. लेखक किल्ल्याच्या शेवटच्या दिवसावर तासभर बोलले. आवाज चढत गेला, मग दाटून आला. पुढच्या रांगेतले इंजिनिअर चष्मे पुसत होते. अण्णाही रडत होते. कादंबरी त्यांची तोवर तिसऱ्यांदा वाचून झाली होती.

व्यासपीठामागच्या खोलीत लेखक भेटले तेव्हा ते बिनसाखरेची कॉफी घेऊन एका खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. गुडघे दुखत होते. साधा, थकलेला माणूस. घोड्यावर आपण कधी बसलो नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. अण्णांनी पिशवीतून पुस्तक काढले आणि तीनशे बारावे पान उघडून त्यांच्यापुढे धरले.

"हा कोण?"

"पत्रं तुमची होय," लेखक म्हणाले. "अहो, हा कुणीच नाही. मी रचला त्याला. आडनाव प्रवासात कुठल्याशा दुकानाच्या पाटीवर वाचलं होतं. वेगळं वाटलं म्हणून टिपून ठेवलं."

मी विचारले, तीनशेंतला एक पळवायची गरज काय होती?

"सगळेच मेले तर आत काय घडलं ते बाहेर सांगणार कोण?" लेखक म्हणाले. "एक तरी निसटायला लागतो. वाचकांना तो आवडत नाही. मला मात्र त्याच्यावाचून पुस्तक लिहिता आलं नसतं." मग त्यांनी खिशातून पेन काढले. "नवी आवृत्ती निघते आहे. आडनाव बदलतो. आत्ता तुमच्यासमोर लिहून देतो."

दोन वर्षांच्या पत्रव्यवहाराचे काम दीड मिनिटात होत होते. अण्णांनी पुस्तक मागे घेतले.

"बदललं तर सत्त्याऐंशीवरचं पण जाणार?"

"जाणारच. माणूस एकच ना."

"बुरुजावर उभा आहे ते?"

"तेही."

अण्णांनी लेखकांच्या खांद्यांकडे पाहिले. त्यांना विचार करायला वेळ हवा असला की ते समोरच्याचे खांदे डोळ्यांनी मोजत. "स्वल्प वेळ द्या," ते म्हणाले. लेखकांची संध्याकाळची गाडी येलहंक्याला दोन मिनिटे थांबत असे. दारात उभा राहतो, तिथे सांगा, असे ठरले.

दुपारी घरी अक्कांनी सगळे ऐकून घेतले. अण्णांचे म्हणणे असे की माणूसच खोटा, तर भांडण कुणासाठी? आडनाव काढले की भावजींचे तोंड बंद होते. पण मग आजोबा म्हणाले त्याला उभ्या जगात छापील आधार उरत नाही. दहा घरांत देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले पुस्तक दुसऱ्याच कुणाचे ठरते.

"पाटी कुणाची वाचले ते?" अक्कांनी विचारले.

"कुठली तरी. आपल्यातल्याच कुणाची तरी असणार. दुसऱ्या कुणाचं हे नाव नाही."

"मग माणूस आपलाच. खोटा कसा?" अक्का मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. "आणि मेले ते दोनशे नव्व्याण्णव, त्यांची पोरं कुठे आहेत? पुस्तकात आहेत? तो दक्षिणेकडे पळाला म्हणून लिहिलंय. दक्षिणेकडे काय आहे?"

अण्णांनी पुस्तक उघडून ती ओळ पुन्हा पाहिली.

"आपण आहोत," अक्का म्हणाल्या. "पळाला म्हणून आपण आहोत. तो तिथंच मेला असता तर तुम्ही मैसूरपाक कुणाला वाटला असता?" दोरा ओवला गेला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण बाराबंदी टाकलं, ते मला पटत नाही."

गाडी वेळेवर आली. लेखक डब्याच्या दारात पेन आणि वर्तमानपत्र घेऊन उभे होते. मी घड्याळ पाहत होतो, म्हणून पुढचे संभाषण दोन मिनिटांच्या आत झाले हे मला खात्रीने सांगता येते.

"बोला. कुठलं नाव घालू?"

"नाव राहू दे," अण्णा म्हणाले.

"आणि पळणं?"

"पळू दे. एक बदला. बाराबंदी तो टाकतो म्हणून लिहिलात. टाकणार नाही तो. आम्ही शिंपी. कापड टाकत नाही."

"अहो, रक्तानं भरलेली आहे ती. कुणीही ओळखेल."

"उलटी घडी करायची. रक्त आत. काखेत मारायची आणि उतरायचं."

लेखकांनी पेनाचे टोपण काढले. "दोरावरून उतरताना काखेत?"

"बंद असतात तिला. बंदानं बांधायची," अण्णा म्हणाले. "बटणं नसतात."

गाडी हलली. लेखकांनी वर्तमानपत्राच्या समासात काहीतरी लिहिले आणि हात वर केला. तो निरोपाचा होता की होकाराचा, यावर अण्णा आणि मी बरेच महिने बोलत होतो.

नवी आवृत्ती पुढच्या वर्षाच्या अखेरीस आली. या वेळी अण्णांनी एकच प्रत मागवली. मैसूरपाक सांगितला नाही. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आता वेग दिवसाला सहा पानांवर गेला होता. टाइप मोठा केल्यामुळे ते पान तीनशे एकतिसावे झाले होते. शिपाई आडोशाला आला. त्याने बाराबंदी उतरवली, रक्त आत जाईल अशी उलटी घडी केली, बंदांनी आवळून काखेत बांधली आणि दोराला हात घातला. तो दक्षिणेकडे पळत सुटला. पुढे त्याचे काय झाले ते इतिहासाला ठाऊक नाही.

"आम्हाला ठाऊक आहे की," अक्का म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केले.

ती कादंबरी मीही दोनदा वाचली. किल्लेदाराचा चेहरा मला आता आठवत नाही, तोफखान्याचा म्हातारा कसा मेला तेही नाही. तीनशेंपैकी डोळ्यांपुढे येतो तो घडी घालणारा एक.

मी बदली होऊन गेलो त्या आठवड्यात भावजी दुकानात आले होते. कारखान्यात त्यांचा निरोपसमारंभ होता, त्यासाठी कोट शिवायचा होता. टेबलावर नवी आवृत्ती उघडी होती. त्यांनी उभ्या उभ्या तो परिच्छेद वाचला. त्यांना अर्धे मिनिट लागले.

"पण अण्णा, पळाला तो पळालाच की."

"पळाला," अण्णा म्हणाले. "हात वर करा."

टेप छातीभोवती आली तशी भावजींनी छाती फुगवली. अण्णा टेप धरून थांबले.

"श्वास सोडा, भावजी."

भावजींनी बराच वेळ सोडला नाही. अण्णांना घाई नव्हती.